मुठीच्या आत

पिसाळांची नात चादरीत गुंडाळून घेऊन आली,
रिक्षातून, दौलतगंजच्या गर्दीतून,
लांबडं बाळ आणावं तशी.
म्हणाली, काका, विकायची नाहीये.
फक्त सांगा, खरी का?

खरी म्हणजे काय, हे मी विचारत नाही.
चाळीस वर्षं शस्त्रागाराच्या नोंदवह्या लिहिल्या.
लोकांना 'हो' हवं असतं,
आणि तेही चहा येण्याआधी.

आधी साज पाहिला.
म्यानावर चामड्याची खोळ, टाके उसवलेले.
पितळेवर चेरीची फुलं, सगळी एका साच्यातली.
लष्करी कारखान्याचा माल,
हजार अधिकाऱ्यांना एकाच मापाचा.
मुठीवर पाकट माशाचं खरखरीत कातडं, वर तपकिरी फीत,
एकाच जागी अंगठ्यानं गुळगुळीत केलेली.
"म्हणजे नकली?"
थांब गं. वर्दीवरून माणूस ओळखता येत नाही,
ग्वाल्हेरात तरी नाहीच नाही.

मुठीत बांबूची एक खुंटी असते,
पेन्सिलीच्या तुकड्याएवढी. सगळी तलवार तिच्यावर.
लाकडी हातोडी, पितळी दाभण, तीन टिचक्या.
मग डाव्या हातात मूठ धरून
त्याच मनगटावर उजव्या मुठीनं ठोकलं,
तर पातं आतून सैल झालं,
दुधाचा दात हलावा तसं.

शेपूट बाहेर आलं.
इथलं लोखंड बोलतं. वर नुसता चेहरा.
गंज काळा, जुन्या तव्याच्या पाठीसारखा.
कारखान्याचं असतं तर लालसर, पोरकट गंज असता
आणि एक शिक्का.
इथं कानशीचे तिरपे ओरखडे, गंजात बुडत चाललेले,
आणि भोकं दोन.
दोन, म्हणजे केव्हातरी कुणीतरी
लांब पातं खालून कापून आखूड केलंय.
त्यात कारागिराचं नाव गेलं.
तीनशे वर्षं. कदाचित चारशे.

(आमचं आडनावही साताऱ्याकडच्या एका गावाचं आहे.
ते गाव घरातल्या कुणीच पाहिलेलं नाही.)

"आजोबा म्हणायचे, झुंजीत हिसकावली,
ब्रह्मदेशात, गुडघाभर चिखलात."
मुठीच्या कडीला कापडाची चिंधी,
तिच्यावर शाईची उभी अक्षरं.
मला ती वाचता येत नाहीत. गाठ वाचता येते:
सावकाश बांधलेली, दोन्ही हातांनी.
झुंजीत कोण नावाची चिठ्ठी बांधून देतो?
रांग असेल. टेबल असेल.
पंचेचाळीस सालचं एखादं फुटबॉलचं मैदान.
हे तिला लगेच सांगितलं नाही.

पातं खिडकीकडे धरलं.
धारेच्या कडेनं धुकं, धुक्यात बारीक दाणे,
आणि वास.

"लवंग," ती म्हणाली. "आजोबांच्या खोलीत यायचा.
दाढ दुखते म्हणून तेल आणायचे,
दर महिन्याला, न चुकता."
कुठली दाढ?
ती बघत राहिली.
"कवळी होती त्यांची. वरची, खालची, दोन्ही.
माझ्या जन्माआधीपासून."

जपानी माणसं पात्याला लवंगेचं तेल लावतात.
मला हे साठाव्या वर्षी एका पुस्तकात सापडलं.
कॅप्टन तुळाजीराव पिसाळांना कुणी सांगितलं?
की चिंच नको, पितांबरी नको,
शेपटीचा गंज आहे तसा राहू द्या?
मोडकं इंग्रजी पुरलं असेल,
किंवा नुसते हात.

"खंडेनवमीला सगळी हत्यारं पूजेत मांडायचे.
ही नाही. आजी विचारायची.
म्हणायचे, ती आपली नाही."

चहा आला होता. साय धरून निवला.

खुंटी परत बसवली, हात हलका ठेवून.
नोंद केली: साज लष्करी. पातं जुनं, अनाम, अस्सल.
मग 'कुणाची' या रकान्यात
चिंधीवरची ती अक्षरं उतरवून घेतली,
न कळता, चित्र काढावं तशी.
एक रेघ बहुतेक चुकली.